आडनावांची मोजदाद

विरोधी पक्षाने सरकारच्या कारभाराचे वाभाडे काढावेत यात गैर काहीच नाही. किंबहुना लोकशाहीत त्याचे ते कामच आहे. पण टीका करताना बोट कोणाकडे दाखवले जाते, याकडे आपल्यासारख्या परदेशस्थ मंडळींचे लक्ष जरा अधिक असते. म्हणूनच जुलै २०१५ मध्ये लेबर पक्षाचे गृहनिर्माण प्रवक्ते फिल ट्वायफर्ड यांनी जॉन की यांच्या नॅशनल सरकारवर केलेल्या टीकेचा विचार, इतक्या वर्षांनी, शांत डोक्याने करावासा वाटतो.

ट्वायफर्ड यांचे मूळ गाऱ्हाणे खरे होते. ऑकलंडमधील घरांच्या किमती पगारदारांच्या आवाक्याबाहेर चालल्या होत्या. की स्वतः २००७ मध्ये विरोधी पक्षनेते असताना, घरे परवडत नाहीत म्हणून संकटाची भाषा करीत. सत्तेवर आल्यावर तोच शब्द त्यांच्या सरकारला नकोसा झाला. परदेशात राहणारे लोक इथे किती घरे घेतात याची धड नोंदही सरकारने ठेवली नव्हती. नोंदच नाही म्हणजे प्रश्नच नाही! या सोयीच्या भूमिकेवर कोरडे ओढायलाच हवे होते.

पण ट्वायफर्ड यांनी हत्यार कोणते उपसले? एका घरविक्री कंपनीतून फुटलेली, फेब्रुवारी ते एप्रिल २०१५ मधील सुमारे ४,००० व्यवहारांची यादी. तीत खरेदीदारांची नावे होती. ते कुठले नागरिक, कुठे राहतात, हे नव्हते. मग आडनावांवरून अंदाज बांधला गेला: ३९.५ टक्के खरेदीदार चिनी वंशाचे. ऑकलंडच्या लोकसंख्येत मात्र चिनी वंशाचे लोक ९ टक्के. एवढी तफावत इथल्या चिनी कुटुंबांमुळे पडणे शक्य नाही, तेव्हा हा परदेशी पैसा असला पाहिजे, असा निष्कर्ष.

या युक्तिवादातली खोट उघड आहे. लोकसंख्येत पाळण्यातल्या बाळापासून चाळीस वर्षे स्वतःच्या घरात राहिलेल्या आजोबांपर्यंत सगळेच येतात. घर घेतो तो बहुधा नुकता स्थिरावलेला, तिशी-चाळिशीतला नोकरदार. आपल्याच मंडळींकडे पाहा: आधी भाड्याचे घर, मग कायम वास्तव्याचा परवाना आणि लगेच बँकेत कर्जाची चौकशी. अशा समाजाचा खरेदीतला वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा मोठा असणारच. किती मोठा, हे त्या यादीवरून कळत नाही. उद्या कोणी कुलकर्णी, देशपांडे आणि पाटील मोजायला घेतले, तर त्यातला कोण पुण्याहून पैसे पाठवतो आणि कोण माउंट रॉस्किलमध्ये राहून इथेच कर भरतो, हे आडनाव कसे सांगणार?

समर्थक म्हणत, सरकार आकडे देत नसेल तर विरोधकांनी हाती आलेल्या आकड्यांवरच बोलायचे ना? हा मुद्दा मला हसण्यावारी नेता येत नाही. पण नोंद ठेवा, एवढी मागणी करायला कोणाच्या आडनावाची गरज नव्हती. खरेदीदारांच्या करक्रमांकाची अट सरकारने त्याच वर्षी मे महिन्यात जाहीर केली होती. ती ऑक्टोबरपासून लागू झाली. २०१६ च्या पहिल्या तिमाहीत परदेशी करनिवासी खरेदीदार देशभरात सुमारे ३ टक्के निघाले. हाही आकडा अपुराच, पण निदान तो माणूस कर कुठे भरतो हे तरी विचारतो.

त्या वेळी आपल्यातले काही म्हणाले, "हे चिनी लोकांबद्दल आहे, आपल्याला काय त्याचे?" त्यांना इथला इतिहास ठाऊक नसावा. चिनी लोकांवर १८८१ मध्ये १० पौंडांची डोईपट्टी बसली, ती १८९६ मध्ये १०० पौंडांवर गेली आणि १९४४ मध्ये कायद्यातून हटली. २००२ मध्ये त्याबद्दल माफी मागितली ती हेलन क्लार्क यांच्या लेबर सरकारनेच. १९२० च्या दशकात पुकेकोहे भागात उभ्या राहिलेल्या व्हाइट न्यूझीलंड लीगने तर चिन्यांबरोबर भारतीयांनाही लक्ष्य केले होते. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे.

पुढे २०१७ मध्ये लेबर पक्ष सत्तेवर आला. २०१८ च्या कायद्याने बहुतेक परदेशी लोकांना इथली तयार घरे घेण्यास मनाई केली. त्याची कसोटी नागरिकत्व आणि वास्तव्याची होती, आणि ती योग्यच होती. मात्र ट्वायफर्ड यांच्याच हाती दिलेली, दहा वर्षांत १,००,००० घरे उभारण्याची किवीबिल्ड योजना रखडली. जून २०१९ मध्ये गृहनिर्माण खाते त्यांच्याकडून गेले, सप्टेंबरमध्ये सरकारने ते उद्दिष्टही सोडून दिले. घरे उभी राहायला जमीन, परवाने, पाण्याचे नळ आणि कुशल कारागीर लागतात. खरे दुखणे तिथे होते.

माझा ट्वायफर्ड यांच्यावर मुख्य आक्षेप हाच आहे. सरकारने पुरेशी घरे का होऊ दिली नाहीत, हा प्रश्न लावून धरायचा, तर सगळी चर्चा वंशावर गेली आणि सरकार अलगद सुटले. विनाकारण शेजारी मात्र शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला.

निवडणुका जवळ आल्या की सर्व पक्षांचे उमेदवार आपल्या दिवाळीला नि गणेशोत्सवाला हजेरी लावतात, हार घालून घेतात. त्यांना लाडू जरूर द्यावा. पण बरोबर दोन प्रश्नही विचारावेत: तुमचा आकडा नेमके काय मोजतो? आणि तुम्ही सत्तेवर आलात, तर हीच टीका स्वतःला लावून घ्याल का?