‘बचत’ या संज्ञेचा अर्थ : बंदिस्त गांजाशेती आणि वीजबचतीच्या योजना

कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या अमेरिकन राज्यांनी २०१२ साली जनमताने गांजास मुभा दिली. त्यानंतर तेथील वीजपुरवठा कंपन्यांपुढे एक नवा ग्राहक उघडपणे उभा राहिला. बंद खोलीत कृत्रिम प्रकाशावर पीक घेणाऱ्या या उत्पादकाची विजेची भूक मोठी असते. त्याच वर्षी ईव्हान मिल्स यांनी ‘एनर्जी पॉलिसी’ या नियतकालिकात असा अंदाज मांडला, की देशाच्या एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का या लागवडीत खर्च होते. या ग्राहकासाठी पुढे ज्या बचतयोजना निघाल्या, त्यांचे ठळक रूप एकच : हजार वॅटचा सोडियम दिवा काढून एलईडी दिवा लावावा आणि वाचलेल्या युनिटांनुसार अनुदान घ्यावे.

या रचनेचा सारा भार ‘बचत’ या संज्ञेवर आहे. प्रत्यक्ष झालेला खर्च आणि एरवी झाला असता तो खर्च, यांतील अंतरास हे नाव दिले जाते. पहिला मीटरवर दिसतो. दुसरा गृहीत धरावा लागतो. मॅसॅच्युसेट्सच्या नियमांत मोठ्या लागवडीसाठी दर चौरस फुटास ३६ वॅट ही प्रकाशाची मर्यादा आली. ती पाळण्यासाठी जो दिवा लावावाच लागतो, त्याची तुलना जुन्या सोडियम दिव्याशी केल्यास कायद्याचे फळ योजनेच्या खाती जमा होते.

दुसरा दोष दिवा हेच एकक मानण्याचा आहे. एलईडीमुळे खोलीतील उष्णता घटते, परंतु झाडे पानांवाटे ओलावा सोडीतच राहतात. पूर्वी थंडाव्याचे यंत्र सतत चालताना तो ओलावाही शोषून घेई; आता त्यासाठी स्वतंत्र यंत्र अधिक चालवावे लागते. शिवाय दिव्यांची संख्या वाढवून उत्पादकाने पीक दुप्पट केले, तर बिल चढते आणि कागदावर बचतही दिसते. यास्तव संपूर्ण खोलीचा खर्च सुकलेल्या मालाच्या वजनाशी ताडून पाहणे हेच मोजमाप ग्राह्य ठरते. पीक बुडाल्यास होणारी हानी वीजबिलाहून कितीतरी मोठी असते. म्हणून उत्पादकाचा विश्वासही याच मोजमापाने संपादन करता येईल.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. ओरेगॉनमध्ये अशा अनुदानाचा निधी दोन मोठ्या खासगी कंपन्यांच्या ग्राहकांच्या बिलांतून उभा राहतो. अर्थात गांजाशी संबंध नसलेले कुटुंबही त्यात भर घालते. त्या कुटुंबाच्या दृष्टीने तुलनेचे आणखी एक पद उरते, ते म्हणजे सूर्यप्रकाश. उघड्या शेतात वा काचगृहात तेच पीक कितीतरी कमी विजेवर येते. बंद खोली हीच मूळ स्थिती मानणाऱ्या योजनेत हा पर्याय आरंभीच वगळला जातो. तुलनेत त्यास स्थान मिळेपर्यंत ‘बचत’ हा शब्द अपव्ययाच्या सुधारित आवृत्तीसही लागू पडत राहील.