रॉक बँडची कादंबरी आणि आपण वाचक



पेसाहची सुट्टी संपल्यावर आमच्या वाचनमंडळात एका कादंबरीवरून असा वाद झाला की चहा थंड झाला तरी कोणाचे लक्ष गेले नाही. कादंबरी सलमान रश्दी यांची, 1999 साली प्रसिद्ध झालेली ‘द ग्राउंड बिनीथ हर फीट’. विषय एका रॉक बँडचा. मंडळात आम्ही बहुतेक सत्तरी ओलांडलेले, मुंबई-कोकणात शिकून आलिया केलेले. यंदा मात्र तीन नातवंडेही येऊन बसली होती. त्यामुळे मतभेद होणार हे ठरलेलेच होते. तो कोठे झाला आणि का झाला, हे आपल्यापुढे मांडावेसे वाटले, म्हणून हा लेख.

ज्यांनी पुस्तक वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगतो. ऑर्मस कामा हा मुंबईच्या अपोलो बंदरावरील एका पारशी घरातला मुलगा. त्याचा जुळा भाऊ जन्मतःच मृत. ऑर्मसला स्वप्नात तो भाऊ गाणी ऐकवतो आणि तीच गाणी 1001 रात्रींनंतर अमेरिकेत कोणी दुसराच गाऊन प्रसिद्ध होतो. विना अप्सरा ही अमेरिकेतून लहानपणी मुंबईला आलेली, आई ग्रीक-अमेरिकन आणि वडील हिंदी. दोघांची गाठ पडते रेकॉर्डच्या दुकानात. पुढे लंडन, मग न्यूयॉर्क. त्यांचा ‘व्हीटीओ’ हा बँड जगभर गाजतो आणि मेक्सिकोतील भूकंपात जमीन दुभंगून विना जाते. हे सारे सांगणारा राय हा छायाचित्रकार, दोघांचा मित्र आणि विनाचा गुप्त प्रियकर. मुळात ही ग्रीक लोकांची ऑर्फियस आणि युरिडिसीची कथा. मेलेल्या पत्नीला गाण्याच्या बळावर परत आणायला गेलेल्या गायकाची.

आता मते ऐका. आमच्या वयाच्या जवळजवळ सर्वांनी पूर्वार्धाची स्तुती केली. रायचे वडील जुन्या मुंबईचा इतिहास खणत बसणारे, तर आई उंच इमारती उठवणारी. एकाच घरात शहराची आठवण आणि शहराची मोडतोड! भायखळ्याला वाढलेल्या आमच्या एक भगिनी म्हणाल्या, “माझ्या माहेराचीच गोष्ट वाचतेय असं वाटलं.” रेकॉर्डच्या दुकानाचे प्रकरण आले तेव्हा काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसची आठवण निघाली. ते दुकान 2016 साली बंद झाले, हे सांगताना एका गृहस्थांचा आवाज बदलला. पण मग राय हिंदुस्थानचा निरोप घेतो ते पान आले आणि आमच्यापैकी चौघांनी तेथेच पुस्तक मिटले. “पुढे नुसता गोंगाट, मोटारी, पैसा आणि भांडणं. वाचवेना,” हे त्यांचे म्हणणे.

नातवंडांचे नेमके उलटे. त्यांना पूर्वार्ध लांबलेला वाटला. “सबा, एवढ्या पारशी मामा-काकांची नावं कोण लक्षात ठेवणार?” असे एकाने विचारले. त्यांचे पुस्तक लंडनला सुरू झाले. ज्या कादंबरीत केनेडी डॅलसच्या हल्ल्यातून वाचतात आणि इतिहास थोडासा वाकडा चालतो, त्यात त्यांना मजा आली. विनाच्या मृत्यूनंतर अनोळखी लोक मैदानामैदानांत जमून रडतात, ते प्रकरण तर त्यांनी दोनदा वाचले.

तिसरे मत एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचे, आणि ते सर्वांत कडक. ते म्हणाले, “रॉक संगीत आधी मुंबईच्या मुलाच्या डोक्यात आलं आणि मग अमेरिकेत, ही कसली बढाई? दुसऱ्याचं ते आपलं म्हणायची ही खोड आहे.”

या आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. एक तर पारशी मुलाने रॉकचा राजा होणे ही काही कल्पनेची भरारी नव्हे. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, जन्म झांझिबारचा. पण तो शिकला आपल्या पाचगणीला आणि शाळेतल्या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवत असे. पण खरे उत्तर याहून जवळ, आपल्या घरातच आहे. आपली कीर्तने आठवा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या पूर्वजांनी हिंदू शेजाऱ्यांचे कीर्तन पाहिले, तीच साकी, तीच दिंडी, तीच झांज घेतली आणि त्यात योसेफाची, मोशेची, अब्राहामाची आख्याने बसवली. ते संगीत कोणाचे? हरदासांचे की आपले? आमची आजी योसेफाला त्याचे भाऊ खड्ड्यात टाकतात ते पद म्हणताना पदराने डोळे पुसत असे. तिला कोणी सांगितले असते की ही चाल तुझी नव्हे, तर ती हसली असती. तिच्या लेखी ती चाल तिच्या जन्माआधीपासून तिचीच होती. ऑर्मस कामाचे म्हणणे याहून वेगळे नाही. सूर ज्याच्या कानात बसला त्याचा, ही गोष्ट रश्दींनी स्वप्नाची युक्ती वापरून सांगितली आहे. तिला बढाई म्हणणे म्हणजे आपल्या कीर्तनालाही उसने म्हणण्यासारखे आहे.

मात्र कीर्तनाचाच गज लावला तर कादंबरीचे उणेही दिसते. कीर्तनकार कितीही आडवाटेला गेला तरी मूळ पदावर परत येतो आणि तेव्हा श्रोते त्याच्याबरोबर गातात. रश्दी साडेपाचशेहून अधिक पानांत कितीतरी आडवाटा धरतात. पुराण, विनोद, शब्दांच्या कोट्या, बकऱ्यांचा घोटाळा, सर्व काही येते, पण मूळ पद ऐकू येत नाही. व्हीटीओ जगातला थोर बँड आहे असे आपल्याला पुन्हा पुन्हा सांगितले जाते. तो थोर का, हे कानाला पटत नाही. कागदावरची गाणी चालीवाचून कोरडी वाटतात. आमच्या मते वाचक दुरावतात ते येथे; मुंबई सुटली म्हणून नव्हे. मुंबईच्या भागात आपण आपल्या आठवणीतले आवाज स्वतःच भरतो, त्यामुळे पुस्तक गाते असे वाटते. न्यूयॉर्कच्या भागात आपल्याकडे भरायला आवाज नसतो. नातवंडांकडे असतो, म्हणून त्यांना तो भाग जिवंत वाटतो. लेखकाने अर्धे गाणे वाचकावर सोपवले आहे आणि ज्याला त्याला आपापलाच अर्धा भाग ऐकू आला.

शेवटी एक गोष्ट. विना मरते तो दिवस 14 फेब्रुवारी 1989. त्याच दिवशी खुद्द रश्दींविरुद्ध फतवा निघाला होता. पायाखालची जमीन एका दिवसात जाणे म्हणजे काय, हे या लेखकाला माहीत होते. हे कळल्यावर पुस्तक मिटलेल्या चौघांपैकी एक बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मी निरोपाच्या पानावर थांबले, कारण आमच्या निरोपाच्या दिवशी मी बोटीवर मागे वळून पाहिलंच नव्हतं.” त्यावर त्यांची नात म्हणाली, “सफ्ता, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.” आणि खरेच, आपण मुलांना मुंबई सांगतो, नवगाव सांगतो, मलिद्याचे ताट सांगतो. इथे उतरल्यावरची पहिली वर्षे, ती भीती, ती नवी भाषा, त्या छावण्या मात्र आपण गाळतो. आपल्या गोष्टीचाही उत्तरार्ध आपण मिटून ठेवला आहे.

त्या दिवशी ठरले ते असे. नातीने फोनवर ‘यूटू’ बँडने 2000 साली केलेले याच नावाचे गाणे लावले. त्याचे शब्द रश्दींच्याच कादंबरीतले. या वेळी त्या शब्दांना चाल होती. आम्ही ते दोनदा ऐकले. बँक अधिकारी मान हलवत होते, ठेक्यावर की नापसंतीने ते कळले नाही. पुढच्या बैठकीला चौघांनी उत्तरार्ध वाचून यायचे आणि नातवंडांनी मुंबईची प्रकरणे, पारशी मामा-काकांसकट. त्यानंतर मोठ्यांनी आपापल्या पहिल्या वर्षाविषयी बोलायचे.

कादंबरी थोर आहे का? आमच्या मते नाही. तिच्यात कापण्यासारखे बरेच आहे. पण घरातील दोन पिढ्यांनी एकच पुस्तक अर्धे-अर्धे वाचावे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी एकमेकांकडे यावे, एवढे काम तिने आमच्याकडे केले. हे काम चांगल्या पुस्तकांनाही नेहमी जमत नाही. आपण वाचली असेल तर कोणत्या पानावर थांबलात, ते आम्हांला जरूर कळवा.

शालोम.