भाववृत्ती कोणाची? : एमिल नोल्डेची जलरंगातील मुखचित्रे

अभिव्यक्तिवादी व्यक्तिचित्रापुढे उभा राहिलेला प्रेक्षक बहुधा एकच प्रश्न विचारतो : हा चेहरा कोणते दुःख सांगतो? या प्रश्नात एक गृहीत दडलेले असते. चित्रातील भाववृत्ती ही चित्रकाराच्या मनःस्थितीची थेट खूण होय, असे ते गृहीत. एमिल नोल्डे (१८६७-१९५६) या जर्मन चित्रकाराची जलरंगातील मुखचित्रे आणि त्यांच्या अर्थनिर्णयनाचा इतिहास या गृहीताची कठोर परीक्षा घेतात.

प्रथम माध्यमाचा विचार. नोल्डे शोषक जपानी कागद भिजवून त्यावर रंग सोडत असे. ओल्या पृष्ठावर रंग पसरतो, शेजारच्या रंगात शिरतो, तंतूंत मुरतो; गाल कोठे संपला आणि पार्श्वभूमी कोठे सुरू झाली, हे सांगता येत नाही. पुढे अनेकदा गडद रेषा डोळे-ओठ बांधून घेते. विरघळणे आणि सावरणे या दोन विरोधी क्रिया अशा रीतीने एकाच चेहऱ्यात नांदतात. तेथील हिरवा गाल त्वचेचे वर्णन करीत नाही; हिरवा म्हणजे मत्सर, निळा म्हणजे विरक्ती असा प्रतीकांचा कोशही तेथे निरुपयोगी ठरतो. रंगाला प्रतीकत्व येते ते शेजारच्या रंगाशी असलेल्या ताणातून. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या संदर्भात मांडलेल्या संवाद, विरोध व समतोल या संबंधांपैकी येथे विरोध प्रबळ आहे आणि समतोल शेवटपर्यंत डळमळीत राहतो.

अर्थनिर्णयनाचा इतिहास मात्र वेगळाच आहे. १९३७ मध्ये नात्सी राजवटीने नोल्डेची हजारांहून अधिक चित्रे संग्रहालयांतून जप्त केली. १९४१ मध्ये त्याच्यावर व्यवसायबंदी आली. याच काळाशी जोडलेली लहान जलरंगचित्रे ‘न रंगवलेली चित्रे’ या नावाने महायुद्धानंतर गाजली. समीक्षक वेर्नर हाफ्टमान यांच्या १९६३ च्या ग्रंथाने ती छळ सोसणाऱ्या कलावंताची मूक साक्ष ठरवली. पाण्यात बुडाल्यासारखे ते चेहरे मग पीडिताच्या शोकाचे प्रतीक झाले.

पुढील संशोधनाने ही कथा मोडली. नोल्डे १९३४ मध्ये उत्तर श्लेस्विगमधील नात्सी संघटनेत सामील झाला होता. ज्यूविरोधी मतेही त्याने उघडपणे बाळगली होती. बर्लिनच्या २०१९ मधील प्रदर्शनाने हे पुरावे सर्वांसमोर मांडले आणि त्याच वर्षी अँगेला मेर्केल यांच्या चॅन्सेलर कार्यालयातील त्याची चित्रे उतरवली गेली.

कागदावरील रंग मात्र तोच राहिला. मग बदलले काय? पीडिताचा शोक चित्रात नव्हता. तो कथेतून चित्रात आणला गेला होता. चित्र स्वतः जे सिद्ध करते ते एवढेच, की या चेहऱ्यांना स्वतःची सीमा राखता येत नाही. परंतु आता त्याच हिरव्या गालात वंशद्वेष शोधणे ही जुनीच चूक उलट्या दिशेने करणे होय.

म्हणून चरित्र अप्रस्तुत ठरते, असे नाही. भाववृत्ती रूपबंधातून सिद्ध होते. तिला ‘कोणाचे दुःख’ हे नाव देताना इतिहासाला उत्तर द्यावे लागते. या दोन पायऱ्या एक समजल्या, की समीक्षा नकळत दंतकथेची सेविका बनते. नोल्डेच्या बाबतीत ती कित्येक दशके तशी बनली होती.