'रिचर्ड दुसरा'च्या टिपा : विद्यार्थी-आवृत्ती वाचताना

बाहेरून एम.ए. करणारा एक विद्यार्थी मध्यंतरी 'रिचर्ड दुसरा' हे नाटक घेऊन माझ्याकडे आला. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात इंग्रजी आणि संज्ञापन कौशल्ये शिकवते, त्यामुळे शेक्सपिअरवर बोलायची संधी अशीच, तास संपल्यावर मिळते. त्याच्याकडे ए. डब्ल्यू. व्हेरिटी यांच्या जुन्या शालेय आवृत्तीची छापील प्रत होती. मागच्या टिपांत जवळजवळ प्रत्येक ओळ अधोरेखित केलेली होती. नाटकाची पाने मात्र कोरी. हे टिपण त्या कोऱ्या पानांविषयी आहे.

टिपांसह छापलेले नाटक हा प्रकार आपल्या देशात नवा नाही. 'कथासरित्सागरा'चे इंग्रजी भाषांतर करणारे सी. एच. टॉनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनीच मॅकमिलनसाठी 'रिचर्ड तिसरा' संपादित केला. त्याच प्रकाशनासाठी शेक्सपिअरची अनेक नाटके संपादित करणारे के. डायटन हे आग्रा कॉलेजचे प्राचार्य राहिलेले गृहस्थ. परीक्षेला बसणाऱ्या भारतीय मुलाला कोणता शब्द अडेल, हे या मंडळींना वर्गात उभे राहून कळले होते. म्हणून त्यांच्या पद्धतीच्या टिपा अजूनही उपयोगी पडतात. पण अडलेला शब्द सोडवून देणे म्हणजे ओळ समजावणे नव्हे, आणि या दोहोंतला फरक 'रिचर्ड दुसरा'मध्ये फार लवकर जाणवतो.

सोपे उदाहरण आधी घेऊ. पहिल्याच प्रवेशात बोलिंगब्रोक आणि मोब्रे एकमेकांसमोर हातमोजे फेकतात. टीप सांगते की हे द्वंद्वाचे आव्हान, आणि मोजा उचलणे म्हणजे आव्हान स्वीकारणे. मराठी विद्यार्थ्याला इथे विडा उचलणे आठवते. ते आठवावेही, मात्र फरक ध्यानात ठेवावा. आपल्याकडे विडा दरबारात सर्वांपुढे ठेवला जातो आणि कामगिरी पत्करणारा तो उचलतो. इथे मोजा शत्रूच्या अंगावर टाकल्यासारखा पडतो आणि राजाला मध्ये पडावे लागते. चौथ्या अंकाच्या आरंभी हाच प्रकार पुन्हा घडतो, पण आता इतके मोजे पडतात की ऑमर्लला स्वतःजवळचे संपल्यावर दुसऱ्याकडून उसना मागावा लागतो. प्रेक्षक इथे हसतात. पहिल्या अंकातला गंभीर विधी चौथ्या अंकात हास्यास्पद झाला आहे, हे शब्दार्थाच्या टिपेत येत नाही. त्यासाठी दोन्ही प्रवेश शेजारी ठेवून वाचावे लागतात.

आता अवघड जागा. त्याच अंकात बोलिंगब्रोक रिचर्डला विचारतो की मुकुट सोडायला तुमची तयारी आहे ना. उत्तरात रिचर्ड आधी होकार आणि नकार देतो, मग तेच उलट्या क्रमाने म्हणतो. आधुनिक वर्णलेखनात छापलेल्या प्रतीत आपल्याला एवढेच दिसते की हा माणूस डळमळतो आहे. पण शेक्सपिअरच्या काळच्या छपाईत होकाराचा 'आय' हा शब्द बहुधा एकाच मोठ्या अक्षराने लिहीत, म्हणजे 'मी' या अर्थाच्या 'आय'सारखाच. 1623 च्या फोलिओत ही ओळ तशीच आहे. कानाला तर दोन्ही सारखेच. मग त्या उत्तरात 'हो, नाही' इतकेच नसून 'मी नाही, मी कुणी उरलोच नाही' हेही ऐकू येते. पुढच्या शब्दांत रिचर्ड स्वतःला 'काहीच नाही' म्हणवून घेतो, ते याच धाग्याला धरून.

संपादकाला छापताना दोहोंपैकी एक रूप निवडावेच लागते, आणि निवडले की दुसरे पानावरून नाहीसे होते. ते परत आणण्याची जागा फक्त टीप. म्हणून टिपेत 'आय म्हणजे होय' एवढेच दिले असेल, तर ती टीप चुकीची नाही, पण तिने ओळीचा अर्धा जीव घेतलेला असतो. माझ्या मते विद्यार्थ्याने कोणतीही आवृत्ती विकत घेण्यापूर्वी ही एक टीप उघडून पाहावी.

याच प्रवेशाबाबत दुसरा प्रश्न संहितेचा आहे. 1597 ची पहिली क्वार्टो आणि 1598 च्या दोन क्वार्टो यांत राजत्यागाचा हा भाग, सुमारे 160 ओळी, छापलेलाच नाही. तो प्रथम 1608 च्या क्वार्टोत येतो. जिवंत राणीच्या राज्यात राजाला पदच्युत करण्याचे दृश्य छापणे धोक्याचे होते म्हणून तो गाळला, असे एक मत आहे. तो मागाहून लिहून घातला, असे दुसरे. बऱ्याच विद्यार्थी-आवृत्त्या ही माहिती प्रस्तावनेत देतात आणि नाटकाच्या पानावर मात्र काही खूण ठेवत नाहीत. मुले 'सेन्सॉरशिप' हा शब्द पाठ करतात आणि उत्तरात लिहितात.

खरे तर हा वाद विद्यार्थ्याला स्वतः तपासता येतो. त्या 160 ओळी हाताने झाकून चौथा अंक वाचावा. कार्लाइलच्या बिशपला अटक होते, बोलिंगब्रोक राज्याभिषेकाचा दिवस जाहीर करतो, सगळे निघून जातात. मागे राहिलेला वेस्टमिन्स्टरचा मठाधिपती म्हणतो की आपण आत्ताच एक शोकपूर्ण देखावा पाहिला. हे वाक्य 1597 च्या प्रतीतही आहे. पण कोणता देखावा? झाकलेल्या ओळींत तो आहे, उघड्या ओळींत एका बिशपची अटक तेवढी आहे. मला तरी यावरून प्रवेश आधी होता आणि मग काढला हेच जास्त पटते. मठाधिपतीचे शब्द अटकेला उद्देशून असू शकतात असे कोणी म्हटले तर ते अशक्य नाही, पण शब्द फार मोठा आणि प्रसंग फार लहान वाटतो.

इसेक्सची कथा मात्र मला आता नकोशी झाली आहे. 7 फेब्रुवारी 1601 ला त्याच्या समर्थकांनी नेहमीच्या मोबदल्यावर 40 शिलिंग जास्त देऊन ग्लोबमध्ये रिचर्डवरचे नाटक करवून घेतले, दुसऱ्या दिवशी बंड झाले, ते फसले, आणि त्याच महिन्यात इसेक्सचे डोके उडवले गेले. कथा रंगतदार आहे. पण ते 40 शिलिंग मी इतक्या उत्तरांत पाहिले आहेत की नाटकात राणी इझाबेल कशी आहे, हे लिहायला कोणाकडे जागा उरत नाही. इझाबेलचेच पाहा. रिचर्ड पदच्युत झाला तेव्हा खरी इझाबेल दहा वर्षांचीही नव्हती. टीप हे नोंदवते आणि 'इतिहासाशी विसंगत' म्हणून पुढे जाते. शेक्सपिअरने तिला मोठी का केली? निरोपाचा प्रवेश काढून पाहा, मग रिचर्डवर मुकुटाखेरीज प्रेम करणारे नाटकात फारसे कोणी उरत नाही.

आवृत्तीच्या निवडीविषयी विचारणारे पुष्कळ असतात. चार्ल्स फोर्कर यांची 2002 ची आर्डेन आवृत्ती संहितेच्या प्रश्नांसाठी सर्वांत भरघोस. पण तिची प्रस्तावना दीडशे पानांच्या पुढे जाते, आणि काही पानांवर नाटकाच्या ओळींपेक्षा खालचे भाष्यच उंच दिसते. पहिल्या वाचनाला ती देऊ नये. स्टॅन्ली वेल्स यांच्या पेंग्विन आवृत्तीत भाष्य मागे आहे, पान मोकळे राहते. पाने सारखी उलटावी लागतात अशी मुलांची तक्रार असते. मला तो गुणच वाटतो, कारण आळसाने का होईना, ओळ आधी दोनदा वाचली जाते. व्हेरिटी फुकट मिळतो, त्याच्या मागच्या शब्दकोशासाठी जवळ ठेवावा. आर्डेन ग्रंथालयातून चौथ्या अंकापुरती आणली तरी चालेल.