माळ हिरवा, पण गवत कुठे?

झाडे नसलेला माळ म्हणजे उजाड, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. ते चूक आहे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य (१९८०) काळविटांसाठी. त्यांना गवत आणि दूरवर दिसेल असा मोकळा माळच हवा. सोलापूर-अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) माळढोक अभयारण्यात (१९७९) मात्र गिरिपुष्प लावले गेले. मध्य अमेरिकेतले हे झाड. गुरे सहसा तोंड लावत नाहीत, फांदी खोचली तरी फुटते, शेंग तडकून बी दूर उडते. म्हणूनच लागवडीच्या मोजणीत ते उत्तम ठरते! २०१९ची ३३ कोटींची मोहीमही झाडेच मोजत होती. सावलीखाली पवन्या, मारवेल दबतात, त्याचा रकाना कोणता? शाळेसाठी रोपे आणताना आम्हीही हे विचारले नव्हते.