व्हाउचर आणि स्वल्पविराम

वाङ्मयाच्या ज्या प्रकारांकडे आमच्या समीक्षकांनी ढुंकूनही पाहिलेलं नाही, त्यांत संदर्भसूचीचा नंबर बहुधा पहिला लागेल. कादंबरी आली की टीकाकार तिच्यावर तुटून पडतात. कवितेचा तर तिचा जीव जाईपर्यंत आस्वाद घेतात. पण विद्वानाच्या लेखाच्या शेवटी, लोकलमधल्या चौथ्या सीटवर बसल्यासारखी अंग चोरून बसलेली ती शे-सव्वाशे नावं? त्यांच्याबद्दल कुणी चार शब्द लिहीत नाही. ते काम एका बँक कारकुनाच्या वाट्याला यावं, हे एका अर्थी योग्यच आहे. कारण संदर्भ म्हणजे दुसरंतिसरं काही नसून व्हाउचर आहे. "हे तुम्ही कुठून आणलंत?" या प्रश्नाचं रीतसर लेखी उत्तर.

आता या उत्तराचीही घराणी आहेत. गाण्यात जशी ग्वाल्हेर, किराणा, जयपूर, तशी इथे शिकागो, एपीए, एमएलए आणि व्हँकुव्हर. शिकागो घराण्याचा ग्रंथ १९०६ साली निघाला तेव्हा जेमतेम दोनशे पानांचा होता; २०२४च्या अठराव्या आवृत्तीत तो हजार पानं ओलांडून गेला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या एपीए घराण्याची सुरुवात १९२९ साली सात पानांच्या टिपणानं झाली. २०१९ची सातवी आवृत्ती चारशे पानांच्या वर आहे. आमच्या बँकेत व्याजसुद्धा या वेगानं वाढत नाही. व्हँकुव्हरची कथा वेगळी. १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या त्या शहरात जमले. हेतू फार चांगला होता. प्रत्येक नियतकालिकाची तऱ्हा निराळी, म्हणून लेखकाला तोच लेख पुन्हा पुन्हा टाइप करावा लागतो, तो त्रास वाचवावा. संदर्भांना क्रमानं नंबर द्यायचे, असं त्या पद्धतीत ठरलं. म्हणजे आमची टोकन पद्धतच की! त्रास वाचला का? तर नाही. असलेल्या तऱ्हांत आणखी एकीची भर पडली.

या घराण्यांच्या गायकीतला फरक कळायला एकच चीज तिघांकडून ऐकावी. इरावती कर्वे यांचं 'युगान्त' घ्या. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं १९६७ साली काढलेलं. एमएलएवाले 'कर्वे, इरावती' असं पूर्ण नाव लिहितात आणि साल शेवटी ठेवतात. एपीएवाले साल नावाला चिकटवून कंसात कोंडतात आणि बाईंचा नुसता 'इ.' करून टाकतात. व्हँकुव्हरवाले त्या 'इ'च्या आधीचा स्वल्पविरामही काढून घेतात, पण 'पुणे' मात्र लिहितात. बाकीच्या दोघांनी हल्ली प्रकाशनस्थळ गाळलं आहे. प्रकाशक पुण्याचा असताना पुण्याचा उल्लेख टाळणं, हे धाडस अमेरिकनांनाच जमू जाणे!

आद्याक्षरांचा हा हिशेब मराठी घरात तर भलताच रंगतो. 'कर्वे, धों. के.' म्हणजे महर्षी, 'कर्वे, र. धों.' आणि 'कर्वे, दि. धों.' म्हणजे त्यांचे चिरंजीव आणि 'कर्वे, इ.' म्हणजे सूनबाई. सूची की रेशनकार्ड, असा प्रश्न पडावा. उलट, एकाच माणसाची दोन घरंही होतात. 'विशाखा' लिहिणारे कुसुमाग्रज 'क'मध्ये राहतात आणि 'नटसम्राट' लिहिणारे वि. वा. शिरवाडकर 'श'मध्ये. दोघांची गाठ पडायची, तर अर्धी बाराखडी पायी तुडवावी लागते.

हे ज्ञान मला माझ्या भाचीमुळे झालं. ती अर्थशास्त्राची. तिचा लेख परदेशातल्या एका नियतकालिकानं दोनदा परत केला होता. "मामा, तुम्हाला दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय आहे, तेवढी सूची बघा ना!" असा गौरव करून तिनं एकशे बारा नोंदींचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. परतीच्या पत्रात हरकती होत्या तेवीस. खंडाचा क्रमांक तिरपा हवा, पण अंकाचा क्रमांक कंसात आणि सरळ हवा. इथे टिंब हवं, तिथे नको. तेविसाच्या तेवीस मी वाचल्या. त्यांतली एकही हरकत अशी नव्हती, की बाई गं, हे पुस्तक तू उघडलं होतंस का?

हे बघून माझ्यातला कारकून अस्वस्थ झाला. ठरावीक नमुन्याला माझा विरोध नाही. चेकवर तारीख एकाच कोपऱ्यात असते, म्हणून तर डोळा झटकन तिथे जातो. पण तारीख कोपऱ्यात आहे म्हणून कुठलाही पासिंग ऑफिसर पैसे देत नाही. खात्यात पैसे आहेत का, ते आधी बघतो. विद्वानांच्या पेढीवर मात्र तारखेचा कोपरा पट्टी लावून मोजतात आणि खातं उघडून बघायला कुणाला सवड नसते.

सवड राहणार कुठून? लेखाला ठरलेलं रूप देण्यात किती वेळ जातो, हे काही संशोधकांनी चक्क मोजलं आणि २०१९ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात छापलं. एका लेखामागे सुमारे चौदा तास. आता झोटेरोसारखी फुकट मिळणारी साधनं निघाली आहेत. त्यांच्या भांडारात दहा हजारांवर शैली आहेत, बटण दाबलं की एपीएचं व्हँकुव्हर होतं. सोय उत्तम, पण बटणाला वाचता येत नाही.

आणि माणसाला येतं, म्हणून तो वाचतोच असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी २००३ साली एक गंमत दाखवली. एकाच लेखाचा संदर्भ देताना पानाच्या किंवा खंडाच्या आकड्यातली तीच ती चूक अनेकांच्या सूचीत उतरत जाते. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला, की मूळ लेख वाचून संदर्भ देणारे शेकडा वीसच. बाकीच्यांनी दुसऱ्याच्या सूचीवरून सूची उतरवलेली. हे मला कुणी सांगायला नको. दोन व्हाउचरांवर 'कुलकर्णी' हे नाव एकसारखंच चुकलं असेल, तर ती दोन्ही एका टेबलावर तयार झाली, हे आमच्या शिपायालाही कळतं.

पूर्वी निदान एवढा तरी भरवसा होता, की इतक्या काटेकोरपणे नोंद करणाऱ्यानं कष्ट घेतले असतील. तोही गेला. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका कोर्टात वकिलांनी अर्ज दाखल केला. त्यात जुन्या खटल्यांचे दाखले होते. पक्षकारांची नावं, खंड, पान, साल, सगळं जिथल्या तिथे. फक्त त्यांतले काही खटले कधी झालेच नव्हते! चॅटजीपीटीनं ते रचून दिले होते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. शिक्का बरोबर, सही बरोबर, खातं बोगस. आमच्याकडे याला सरळ अफरातफर म्हणतात.

म्हणून समीक्षक या नात्यानं माझा अभिप्राय असा : हे सगळे ग्रंथ विद्वत्तापूर्ण आहेत, निर्मितीमूल्यं चांगली आहेत, फक्त कथानकाचा मूळ धागा हरवला आहे. नोंदीचं बोट धरून वाचक त्या पुस्तकाच्या त्या पानापर्यंत पोचला, की नोंद पास. मग टिंब कुठेही बसो. आणि ज्याच्याकडून विचार उसना आणला, त्याचं नाव नीट, ओळखू येईल असं लिहावं, कारण ती रक्कम कधी फिटणारी नसते. निदान खातं तरी बरोबर नावावर असावं.

भाचीच्या एकशे बारा नोंदी मी या कसोटीवर तपासल्या. प्रत्येक पुस्तकाबद्दल "पाहिलंस?" म्हणून विचारलं. एकशे नऊ तिनं वाचली होती. तीन दुसऱ्यांच्या सूचीतून घेतली होती. ती तिनं तिथल्या तिथे खोडली. टिंबं मात्र तिनं बटण दाबून लावली. लेख तिसऱ्या खेपेला स्वीकारला गेला. पत्रात टिंबांचं कौतुक होतं.