भिंत कोणत्या रकान्यात?

कथानक, पात्रे, संवाद, संघर्ष, नेपथ्य : नाटकाचे घटक बोटांवर मोजायची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते. हिशेब तसा जुनाच. धनंजयाने ‘दशरूपका’त रूपकांचे भेद वस्तू, नेता आणि रस या तीन कसोट्यांवर ठरवले. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेची सहा अंगे सांगितली. त्यांत कथानकाला पहिला मान दिला आणि दृश्याचा कवीच्या कलेशी सर्वांत कमी संबंध आहे, असे बजावले. या याद्या कामाच्या आहेत, पण पुण्यातल्याच एका नाटकापुढे त्या अडखळतात.

१६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद. त्यात ब्राह्मणांची एक रांग आहे. ती प्रेक्षकांकडे तोंड करून डोलते, गाते. पाठमोरी झाली की भिंत होते. पलीकडे नाना काय करतो ते झाकते, हवे तेव्हा उघडे करते. आता ही रांग कोणत्या रकान्यात मांडायची? ती नेपथ्य आहे, पडदा आहे, गायकवृंद आहे, आणि पात्रही आहे. बावनखणीकडे निघालेले गृहस्थ तिच्यातूनच बाहेर पडतात आणि सूत्रधाराने हटकले की देवाधर्माची सबब सांगतात.

खेळे, दशावतार, कीर्तन, तमाशा यांचा वारसा या नाटकात आहे, हे अनेकांनी लिहिले आहे. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. हे लोकनाट्याचे अंश म्हणजे मूळ गोष्टीवर चढवलेला साज, असे समजून बोलले जाते, तिथे गफलत होते. (‘साज’ हा शब्द समीक्षेतून काही वर्षे हद्दपार केला तरी चालेल.) भिंत काढून टाका आणि उरलेले कथानक सांगून पाहा : परगावचा एक माणूस अपमानित होतो, सूड घेतो, मुलीचा बळी देतो, मारला जातो. मग दोषी दोनच उरतात, नाना आणि घाशीराम.

नाटकावरचा वाद नेमका असाच झाला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. कलावंत बाहेर पडले आणि १९७३मध्ये थिएटर ॲकॅडमी उभी राहिली. नाना फडणविसांची बदनामी, इतिहासाचा विपर्यास हे आक्षेप होते. त्यांना उत्तर देणाऱ्यांनीही बहुधा हे ऐतिहासिक नाटक नाही, या लेखकाच्याच भूमिकेचा आधार घेतला. दोन्ही पक्ष नेता आणि वस्तू एवढ्यावरच भांडत राहिले. नानाचे चित्रण आक्षेपार्ह वाटू शकते. ती तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. पण नानाला आड देणारी, घाशीरामला चोर ठरवून हाकलणारी आणि पुढे त्याच्याच रक्ताची मागणी करणारी रांग आरोपीच्या पिंजऱ्यात कुणी उभी केली नाही. पात्रांच्या यादीत तिला नाव नव्हते ना!

छापील पुस्तकात ही रांग रंगसूचनांमध्ये दबून जाते, वाचणारा तिच्यावरून भरभर पुढे सरकतो. प्रयोगात तसे करता येत नाही. घाशीराम मेल्यावर नाना उत्सवाचा हुकूम सोडतो, आणि तीच माणसे पुन्हा त्याच तालात नाचू लागतात.